साहेब, नुसता रुपया मोजू नका, चादर पण मोजा

प्रति,
देशाची ऊर्जा कार्यक्षमता मोजणारे, तिचे अहवाल काढणारे आणि त्या आकड्यांवरून पुढची धोरणं ठरवणारे सगळे साहेब आणि मॅडम,
दिल्ली आणि मुंबई.

नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाचा कारखाना चालवतो. कारखाना म्हणलं की मोठं काही डोळ्यासमोर आणू नका, पत्र्याचं शेड आहे, एके काळी त्यात बारा माग होते, आता सहा आहेत. घरात तेलुगू, बाजारात मराठी, विजापूरकडच्या गिऱ्हाइकाशी मोडकं कानडी, आणि वीजबिल आलं की तिन्ही भाषेत गप्प. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगून ठेवतो.

१४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. गेल्या डिसेंबरात त्या आठवड्यात आमच्याकडं एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. 'या ओ, खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत' असा फोन आला म्हणून गेलो. पडद्यावर एक आलेख होता, डावीकडून उजवीकडं खाली उतरत जाणारी रेष, आणि बोलणारे साहेब सांगत होते की देशाला एक रुपयाचं उत्पन्न काढायला पूर्वी जेवढी ऊर्जा लागायची त्यापेक्षा आता कमी लागते, म्हणजे आपण जास्त कार्यक्षम झालोय. टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या, खोटं कशाला बोलू. मग सत्कार, आमच्याकडं शाल नसते, चादर असते, जेकार्डची सोलापुरी, दोघांनी दोन टोकं धरून साहेबांच्या खांद्यावर घातली, फोटो झाले. नंतर कुणाला प्रश्न आहेत का म्हणून विचारलं तर मी उठलो आणि म्हणलं, साहेब, तुमच्या खांद्यावर जी चादर आहे ती विणायला किती युनिट लागले? हॉलमध्ये हशा. साहेब माणूस चांगला, ते हसले नाहीत, म्हणाले लघुउद्योगाचा असा नगावारी डेटा आमच्याकडं नाही, पण एकूण ट्रेंड चांगला आहे.

ते 'पण' मला घरी येईपर्यंत टोचत होतं आणि अजून टोचतंय.

कारण नगावारी डेटा माझ्याकडं आहे. वडिलांची सवय, ते वहीत रोज मीटरचं रीडिंग आणि मागामागाच्या चादरी लिहायचे, मी पण लिहितो. तर ऐका. बारा माग चालू होते तेव्हा महिन्याला २,७०० युनिट जळायचे आणि २,७०० च्या आसपास चादरी निघायच्या, म्हणजे चादरीला एक युनिट, हिशोबाला एकदम सोपं. सूत आणि रंगाचे पैसे वजा करून, कामगारांची मजुरी आणि माझं जे काय उरायचं ते धरून महिन्याला १,३५,००० रुपये. म्हणजे हजार रुपयाला २० युनिट. (दोन्ही वेळचा हिशोब आजच्याच भावानं धरलाय, महागाईची भानगड मध्ये नको.)

मग धंदा बसत गेला, सहा माग भंगारच्या भावात विकले आणि रिकामं झालेलं अर्धं शेड गोडाऊनला भाड्यानं दिलं. आता सहा मागांना महिन्याला १,४५० युनिट लागतात आणि १,३५० चादरी निघतात. म्हणजे चादरीला एक युनिटच्या वर गेलं, कारण वायंडिंगचं (सूत गुंडाळायचं) मशिन आणि शेडमधले दिवे सहा मागाला पण जवळजवळ तेवढेच लागतात जेवढे बाराला लागायचे. पण उत्पन्न बघा, मागाचे ६७,५०० आणि गोडाऊनचं भाडं २२,५००, झाले ९०,०००. हजार रुपयाला १६ युनिट.

म्हणजे तुमच्या पडद्यावरच्या रेषेप्रमाणं मी जवळपास वीस टक्के सुधारलो. चादरीमागं वीज जास्त जाळायलोय, सहा माग बंद, तीन कामगार घरी बसले त्यातला एक पुण्याला वॉचमन झाला, आणि मी सुधारलो! उद्या राहिलेले सहा पण विकले आणि सगळंच शेड गोडाऊनला दिलं तर दोन बल्बवर ४५,००० रुपये, मग तर मी देशातला सगळ्यात कार्यक्षम माणूस, चादर मलाच घालावी लागेल.

आणि त्या गोडाऊनमध्ये काय आहे म्हणाल तर चीनमधून आलेली पॉलिस्टरची ब्लँकेटं. ती बनवायला जी ऊर्जा लागली ती तिकडच्या देशाच्या खात्यात, पांघरणारा माणूस आपला. आपली रेष खाली.

आता तुम्ही म्हणाल, एका शेडवरून देशाचा हिशोब करू नका. बरोबर आहे, देश म्हणजे माझं शेड नाही. पण गणित तेच आहे. ही जी 'ऊर्जा तीव्रता' म्हणतात, एकूण ऊर्जा भागिले जीडीपी, तीच जगभर चालते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली त्यातलं सातवं ऊर्जेचं, त्यात ७.३ म्हणून लक्ष्य आहे की २०३० पर्यंत ऊर्जा कार्यक्षमता सुधारण्याचा वेग दुप्पट करायचा, आणि ते झालं की नाही ते ठरवायचं मोजमाप कुठलं तर हेच, ऊर्जा भागिले जीडीपी. २०२३ ला दुबईच्या हवामान परिषदेत पण देशांनी ठरवलं की सुधारणेचा वर्षाचा वेग जो साधारण २ टक्के आहे तो ४ टक्क्याच्या वर न्यायचा. टक्के कशाचे? याच आकड्याचे. म्हणजे जो आकडा माझं शेड बंद पडलं की खूश होतो त्यावर सगळ्या जगाचा विकास शाश्वत आहे का नाही ते ठरायलंय.

आकडा टाकून द्या असं मी म्हणत नाही. देश कुठल्या दिशेला चाललाय हे ढोबळ बघायला तो बरा आहे, ताप बघायला हात कपाळावर ठेवतो तसा. पण कपाळावर हात ठेवून औषधाचा डोस ठरवत नाहीत. त्यात पुन्हा हा आकडा कसा धरावा तसा दिसतो. जीडीपी डॉलरच्या बाजारभावानं मांडला तर आपण भारतीय ऊर्जा उधळणारे दिसतो, आणि तोच खरेदीशक्तीच्या हिशोबानं, म्हणजे इथं पैशाला किती माल मिळतो ते धरून मांडला तर जगाच्या सरासरीच्या जवळपास येतो. माणसं तीच, मोटर तीच, नुसतं भागाकाराच्या खालचं बदललं.

वरचं पण बदलतं. आमच्या सोलापूरजवळ एनटीपीसीचा औष्णिक प्रकल्प आहे, ६६० मेगावॅटचे दोन संच. विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, पण चांगल्या नव्या संचात सुद्धा तेवढी वीज काढायला कोळशातल्या २,२०० च्या आसपास किलोकॅलरी जाळाव्या लागतात, बाकीची उष्णता चिमणीतून आणि कूलिंग टॉवरमधून जाते. तर राष्ट्रीय हिशोबात माझं एक युनिट कोळशावर आलं तर अडीच युनिटासारखं धरतात आणि सोलरवर आलं तर एकच धरतात. सोलर चांगलंच आहे, वाढू दे, धूर कमी होतो. पण त्यानं रेष खाली गेली तर ती काही माझी मोटर सुधारल्यामुळं गेली नाही ना. मोटर आहे तिथंच आहे, तीन वेळा जळून तीन वेळा भरलेली.

मोटरीचा विषय निघालाच आहे तर तोच आधी. बाहेर बसून कळत नाही म्हणून सांगतो. जुन्या मागाला साधारण एक एचपीची मोटर असते. नवीन आयई-३ दर्जाची (कमी वीज खाणाऱ्या मोटरींची एक श्रेणी) एवढीच मोटर घेतली तर तिची कार्यक्षमता ८२.५ टक्के. माझ्याकडच्या कितीच्या आहेत मला माहीत नाही कारण कुणी कधी मोजल्याच नाहीत, पण हात लावला की चटका बसतो, आणि तो चटका म्हणजे माझ्या बिलातले पैसे आहेत एवढं मला कळतं. मोटर जळते का? व्होल्टेज पडतं म्हणून. दुपारी सगळ्या गल्लीचे माग, वर पंखे कूलर, की व्होल्टेज खाली, मोटर करंट जास्त ओढते, तापते, एक दिवस वास येतो. मग वाइंडिंगवाल्याकडं. तो तार भरून देतो, दीड-दोन दिवसात मोटर परत, नव्या मोटरीच्या अर्ध्याहून कमी पैशात, पण प्रत्येक वेळी थोडी आणखी भूक वाढवून घेऊन येते. सांगा, यातली चूक माझ्या 'अकार्यक्षमतेच्या' खात्यात टाकणार का पुरवठ्याच्या? तुमच्या मोजणीत व्होल्टेजचा रकाना कुठंच दिसत नाही. वीज किती दिली ते आहे, कशी दिली ते नाही.

दुसरं गाऱ्हाणं म्हणजे आम्ही कुणाच्या यादीतच नाही. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००२ च्या मार्चमध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो आला, स्टार लेबल २००६ ला सुरू झालं, हे सगळं चांगलंच झालं, फ्रीज घेताना आता माझी बायको पण किंमतीच्या आधी तारे मोजते. मोठ्या उद्योगांसाठी २०१२ पासून पॅट योजना आली, पहिल्या फेरीत ८ क्षेत्रांतले ४७८ कारखाने, टेक्स्टाईल पण त्यात. प्रत्येकाला एका टन मालामागं किती ऊर्जा लागते ते मोजून टार्गेट, जास्त वाचवलं तर सर्टिफिकेट, ते विकता येतं. बघा म्हणजे टनामागं मोजता येतं हे तुम्हाला माहीत आहे, करून पण दाखवलंय. पण टेक्स्टाईलमध्ये त्यात यायला वर्षाला ३,००० टन तेलाएवढी ऊर्जा वापरावी लागते. विजेत सांगायचं तर ३ कोटी ४८ लाख युनिटच्या वर. माझे बारा माग चालू होते तेव्हा वर्षाचे ३२,४०० युनिट व्हायचे, म्हणजे तीन टन पण नाही. माझ्यासारखे हजाराच्या वर कारखाने गोळा केले तर तुमच्या यादीतला एक कारखाना होतो. आणि आमच्या पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, गल्लीबोळात मागांचा आवाज येतो तो असल्याच छोट्या कारखान्यांचा आहे. एकेकटे कुणीच नाही, सगळे मिळून एक शहर.

मध्ये दोनदा आशा वाटली होती हे पण लिहितो, नाहीतर एकतर्फी होईल. लघुउद्योगांच्या क्लस्टरचा ब्युरोनं २०१० च्या सुमारास जो अभ्यास केला त्यात सोलापूरचं टेक्स्टाईल होतं, बॉयलर, डाईंग, वाफ कुठं वाया जाते ते सगळं बघितलं गेलं. नंतर २०१७ च्या ऑक्टोबरात 'साथी' नावाची योजना जाहीर झाली, छोट्या यंत्रमागवाल्यांना चांगल्या मोटरी, रॅपियर किट (जुना माग सुधारायला बसवायचं), नवे माग एकगठ्ठा खरेदी करून द्यायचे, आधी पैसे नाहीत, विजेच्या बचतीतून चार-पाच वर्षांत फेडायचे. कल्पना एक नंबर, ज्यानं काढली त्याला माझा नमस्कार. बातमीत नावं होती इरोड, सुरत, इचलकरंजी वगैरे. आम्ही 'वगैरे'मध्ये होतो. माझ्या गल्लीत तरी त्यातली मोटर मी पाहिली नाही.

आता डाईंगकडं या. टॉवेलचं सूत रंगवायचं तर गरम पाणी पाहिजे, वाफ पाहिजे, आणि छोट्या डाईंगमध्ये ती वाफ लाकडावर होते. ट्रकनं बाभळीचं लाकूड येतं. ते कुठल्या मीटरमधून जातं? कुठल्याच नाही. वजनकाट्याची पावती असली तर असली. तसंच घरातल्या चुलीचं. साध्या चुलीत लाकडातली फार तर दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला लागते, गॅसच्या शेगडीत साठच्या वर. म्हणजे एखादी बाई चुलीवरून गॅसवर गेली तर खरी कार्यक्षमता चौपट झाली, तिचे डोळे वाचले ते वेगळंच. पण लाकूड हिशोबात धरलंच नसेल तर त्या घरानं ऊर्जा 'वाढवली' असं दिसतं, कारण काल शून्य होतं आज सिलिंडर आला. उलटं पण आहे, सिलिंडर परवडत नाही म्हणून बाई परत चुलीवर गेली तर आकडा सुधारतो. असल्या आकड्यावर उज्ज्वला योजनेचं बरंवाईट ठरवणार का?

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने राज्यात सगळ्यात जास्त, त्यांचा बगॅस (उसाचा चोथा) जळतो त्यातून वीज होते, तिथं निदान मीटर आहे. शेतीपंपाला कित्येक ठिकाणी तो पण नाही. एचपीवर बिल, आणि वापर अंदाजानं. २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंत बिल माफ झालं, शेतकऱ्याला मिळू दे, माझे मामा शेतकरीच आहेत त्यामुळं त्यावर मी जास्त बोलणार नाही. पण माफ करा म्हणून मोजू नका असं तर कुणी म्हणलं नाही ना. पंपाचा वापर अंदाजानं आणि विजेची गळती पण अंदाजानं, मग एकाचा अंदाज फुगवला की दुसरा आपोआप बारीक होतो. हे काय नवीन नाही, वर्षानुवर्षं सगळ्यांना माहीत आहे.

पाण्याचं पण असंच. शहराला उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून पंपानं येतं, ते पण रोज येत नाही, चार-पाच दिवसाआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरात मोटर सुरू, कारण शेजारच्यानं लावली आणि आपण नाही लावली तर आपल्या नळाला हवा येते. खाली टाकीत, टाकीतून परत मोटरीनं वर. एक घागर पाणी माझ्या घरात येईपर्यंत किती वेळा वीज खातं याचा हिशोब कोणी काढलाय का? हा माणसाच्या सवयीचा दोष म्हणून चालणार नाही, नळाला रोज प्रेशर आलं तर मोटर विकून टाकतो मी.

सगळ्यात जास्त बोलायचंय ते नाइलाजानं कमी वीज वापरणाऱ्या घरांवर. आमच्याकडं विडी करणाऱ्या बायका हजारोंनी आहेत. २०२४ च्या जानेवारीत कुंभारीजवळ रे नगरमध्ये असंघटित कामगारांना १५,००० घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्याच्या आधीपासून तिथं विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत आहे. माझ्याकडं वायंडिंगला येणारी अव्वा (आजीबाई) तिकडंच राहते. मे महिन्यात सोलापूर ४३-४४ डिग्रीला जातं, तेव्हा तिच्या घरात एक पंखा, तो पण दुपारी बंद ठेवून उंबऱ्यात बसून काम करते, बिल वाढायला नको म्हणून. तिचं महिन्याचं बिल दाखवलं तर ते इतकं कमी आहे की कुठल्याही ऊर्जा बचतीच्या पोस्टरवर तिचा फोटो लागावा. पण ही बचत नाही ओ. ही उकाड्यात काढलेली दुपार आहे. भारतात माणशी वीज जगाच्या सरासरीच्या निम्म्यापेक्षा कमी वापरली जाते, त्यातला किती भाग शहाणपणाचा आणि किती नाइलाजाचा, हे एका आकड्यात कसं कळणार? तिला २८-३० वॅटचा बीएलडीसी पंखा मिळाला (साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो) तर ती तेवढ्याच बिलात अडीचपट वेळ पंखा लावेल. वीज एका युनिटनं पण वाचणार नाही. रेष हलणार नाही. पण माझ्या मते कार्यक्षमता म्हणजे हेच, तेवढ्याच विजेत जास्त माणूसपण. तुमच्या तक्त्यात मात्र हे 'बचत शून्य' असं दिसेल.

एलईडी बल्बचं उदाहरण घ्या. २०१५ पासून उजाला योजनेत ३६ कोटीच्या वर बल्ब वाटले, चांगलं काम झालं, माझ्या शेडमधल्या पण सगळ्या ट्यूब बदलल्या आणि बिलात खरंच फरक पडला. पण त्यातून देशाचे इतके युनिट वाचले असं जे सांगतात ते मीटरवर मोजलेलं नसतं, बल्ब रोज अमुक तास लागत असेल असं धरून गुणाकार केलेला असतो. धरा, हरकत नाही, सगळं मीटरवर मोजणं जमत नाही हे मला पण कळतं. फक्त धरलेल्याला धरलेलं म्हणा, मोजलेलं म्हणू नका.

मग करायचं काय. मी शिकलेला नाही फार, बारावी नापास, पण मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिनं मला समजावून सांगितलं की हे कोडं जगात आधीच सुटलेलं आहे. १९७३ च्या तेल संकटानंतर १९७४ ला आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था निघाली, तिथले लोक ऊर्जेचा वापर वर-खाली झाला की त्याचे तीन तुकडे करतात. काम किती वाढलं, कामाचा प्रकार किती बदलला, आणि एकेका कामाला लागणारी ऊर्जा किती बदलली. मागाच्या भाषेत, चादरी किती विणल्या, चादरी सोडून गोडाऊन किती केलं, आणि एका चादरीला किती युनिट. तिसरा तुकडा म्हणजे खरी कार्यक्षमता. पहिले दोन म्हणजे धंद्याची कहाणी. रस्त्यावरच्या वाहतुकीला प्रवासी-किलोमीटर, घराला चौरस मीटर, स्टीलला टन, असं प्रत्येकाचं माप वेगळं धरतात. म्हणजे माझा प्रश्न हसण्यासारखा नव्हता, जगात तोच विचारतात.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

रेष दाखवा, पण तिचे तीन तुकडे करून दाखवा. दरवर्षी, त्याच पानावर, लहान अक्षरात तळटीपेत नाही. माग बंद पडल्यामुळं किती खाली आली आणि मोटर सुधारल्यामुळं किती, हे वेगळं कळलं पाहिजे.

रुपयामागं मोजता तसं नगामागं मोजा. सोलापूरला एक किलो टॉवेलला किती, एका चादरीला किती, भिवंडी-मालेगावला मीटर कापडाला किती, कारखान्यात टन साखरेला किती, महापालिकेत हजार लिटर पाण्याला किती. जीआय टॅग चादरीला मिळालाय, आता तिला एक ऊर्जेचा आकडा पण मिळू दे. बाहेरच्या देशातले गिऱ्हाईक आता विचारायलेत की टॉवेलमागं कार्बन किती, आज आमच्याकडं सांगायला काही नाही आणि उद्या ऑर्डर त्याच्यावरूनच जाणार.

छोट्या क्लस्टरमध्ये दर दोन-तीन वर्षांनी नमुना मोजणी करा. सगळे माग नको, शंभर घ्या, पण खरे मीटर लावा, उन्हाळ्यात पण लावा आणि दिवाळीच्या सीझनला पण. मोजायला दिल्लीहून माणूस यायची गरज नाही, इथं आयटीआय आहे, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, पोरं रिकामी बसलीत, क्लॅम्प मीटर (तारेला अडकवून करंट मोजायचं) हातात द्या आणि स्टायपेंड द्या. आणि मोजलेलं आम्हाला परत सांगा, मराठीत सांगा, जमलं तर तेलुगूत. ऑडिटवाला येतो, लिहून घेतो, निघून जातो, त्याच्या वहीत काय गेलं ते आम्हाला कधीच कळत नाही, हे बंद करा.

त्याच मोजणीत व्होल्टेज आणि लाईट गेल्याचे तास लिहा. लाकूड, बगॅस, चूल हे सगळं धरा, अंदाज असला तर अंदाज म्हणून धरा. शेतीच्या ट्रान्सफॉर्मरला तरी मीटर लावा, पंपाला नंतर बघू.

घरांचा हिशोब वेगळा ठेवा. जिथं वापर गरजेपेक्षा कमी आहे तिथं तो वाढणं हे अपयश म्हणून मोजू नका.

आणि योजना काढताना 'वगैरे' लिहू नका, गावाचं नाव लिहा.

एवढंच. यात फुकट वीज मागितलेली नाही, यंत्रमागाला सवलतीचा दर आहे तो मी घेतोच. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन चालू झाली आणि दक्षिणेची ग्रीड बाकीच्या देशाला जोडली गेली, सगळ्या देशाची वीज एका तालावर आली ती आमच्या गावावरून. तेवढा मोठा जोड इथं बसवता आला तर माझ्या शेडमध्ये एक मीटर बसवणं काही अवघड नाही.

कधीही या. सोमवारी सुट्टी असते आणि पाणी येतं त्या दिवशी सकाळी मी घरी असतो, ते दोन दिवस सोडून. वडिलांच्या वह्या काढून ठेवतो, १९९१ पासूनच्या आहेत, मधल्या दोन वाळवीनं खाल्ल्या. जेवायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी.

गोडाऊनवाला उरलेलं अर्धं शेड पण मागायलाय. दिवाळीपर्यंत सांगतो म्हणलोय त्याला. तुमचं उत्तर त्याच्या आधी आलं तर बरं होईल.

आपला,
पूर्व भाग, सोलापूरमधला एक माग कारखानदार